बत्तीस रुपये आणि वर्षाची उचल

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, सरपण, कोंबड्या, शेळ्या आणि सगळ्यांच्या वर लहान मुलं. मागे उरतात ती म्हातारी माणसं आणि कुणाच्या तरी भरवशावर शाळेसाठी ठेवता आलेली पोरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, शिवाय सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ झालेली असते. पुढचे पाच महिने घर म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची कोपी.

या धंद्यात हिशोब माणसांवर होत नाही, कोयत्यांवर होतो. एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा ऊस तोडतो, बायको वाढं छाटून मोळ्या बांधते, मग दोघं मिळून त्या डोक्यावरून गाडीत चढवतात. एकटा माणूस हा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी जमवणारा मुकादम सहसा उभं करत नाही. त्यामुळे पोराचं लग्न लावलं की घरात एक पूर्ण कोयता वाढतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या बालविवाहांचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट निघालं. त्यामागे हे एकच कारण आहे असं नाही, पण हे कारण वगळून तो आकडा समजत नाही.

ट्रॉलीत बसताना या जोडप्याच्या खिशात सहसा फार पैसे नसतात, कारण हंगामाची मजुरी त्यांनी आधीच घेतलेली असते. तिला उचल म्हणतात. पावसाळ्यात, पोळ्याच्या आगेमागे, मुकादम गावात फिरू लागतो आणि कोयत्यामागे पन्नास हजार, लाख, अलीकडे त्याहूनही जास्त रक्कम देतो. ती बी-खतात, दवाखान्यात, बहिणीच्या लग्नात आणि गेल्या वर्षीच्या बाकीत जाते. नोव्हेंबरात फडावर पहिला कोयता पडतो तेव्हा जोडपं कमवायला लागलेलं नसतं, फेडायला लागलेलं असतं.

आता हे घर गरीब आहे का?

प्रश्न भाबडा वाटेल, पण सरकारी पद्धतीने तो सोडवून पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांच्या जागी सुमारे ३६६ रुपये. समजा, एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला आणि हंगामात १२५ दिवस काम मिळालं, तर मजुरी होते ९१,५००. घरात पाच माणसं धरली आणि रक्कम बारा महिन्यांवर पसरली तर माणशी महिन्याला १,५२५ रुपये. देशाची शेवटची अधिकृत दारिद्र्यरेषा २०११-१२ ची, ग्रामीण भागासाठी माणशी महिना ८१६ रुपये. तेव्हापासूनची महागाई धरली तर तीही दीड हजाराच्या थोडी पुढे जाते. उरलेल्या सात महिन्यांतली कोरडवाहू शेती आणि गावातली रोजंदारी मिळवली की घर रेषेच्या वर. कागदावर प्रश्न मिटला.

ही रेषा कुठून आली, याची कथा बरीचशी मराठी मुलखात घडली आहे. १८७६ मध्ये दादाभाई नौरोजींनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यांनी काढलेलं माणशी वार्षिक उत्पन्न होतं वीस रुपये. जगायला किती लागतं हे ठरवण्यासाठी त्यांनी सरकारचीच कागदपत्रं वापरली: परदेशी मजुरीला निघालेल्या कुलींना बोटीवर, म्हणजे काहीही काम न करता नुसतं बसून असताना, किती शिधा द्यायचा याचा सरकारी तक्ता, आणि तुरुंगातल्या कैद्यांवर होणारा खर्च. प्रांताप्रांतानुसार गरज निघाली १६ ते ३५ रुपये. बऱ्याच ठिकाणी राणीची साधी प्रजा राणीच्या कैद्यांइतकंही खात नव्हती. गरिबी मोजायची पहिली भारतीय पट्टी तुरुंगातून आली, आणि ती राज्यकर्त्यांना लाज आणण्यासाठी वापरली गेली. पुढे हे दुसरं काम रेषेने सोडून दिलं.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये एका कार्यगटाने ठरवलं की १९६०-६१ च्या किमतींना माणशी महिना वीस रुपये हा किमान खर्च. त्या गटात धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था उभी करणारे हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. एकाच माणसाच्या आयुष्यात देशाची पहिली दारिद्र्यरेषा आणि देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना एकत्र यावेत, आणि साठ वर्षांनी त्या कारखानदारीच्या फडात रेषेचा अर्थ पुन्हा तपासावा लागावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर ओढूनताणून आणलेला वाटला असता.

त्या वीस रुपयांत एक गोष्ट मुद्दाम धरली नव्हती. आरोग्य आणि शिक्षण सरकार देणारच आहे, म्हणून त्यांचा खर्च बाजूला ठेवला होता. १९६२ साली ही प्रामाणिक आशा होती. अडचण अशी की आशा फळली नाही तरी हिशोबाची पद्धत पुढे बरीच वर्षं त्याच आशेवर चालली.

१९७१ च्या जानेवारीत गोखले संस्थेच्याच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन अंकांत भारतातल्या दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास छापला. दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील इतका खर्च ही त्यांची कसोटी. १९६०-६१ मध्ये खेड्यात महिन्याला पंधरा रुपये, शहरात साडेबावीस. या कसोटीवर ग्रामीण भागातली चाळीस टक्के आणि शहरांतली पन्नास टक्के माणसं अपुरं खात होती. यावर पुढे पुण्यातच मोठा वाद पेटला. अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळून परतलेले पां. वा. सुखात्मे म्हणत होते की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं, त्यामुळे सरासरी कॅलरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरणं चूक. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. दोघेही मूळचे सातारा जिल्ह्यातले, दोघेही हट्टी सांख्यिकीतज्ज्ञ. भूक कुठे सुरू होते यावर इतक्या बारकाईने भांडलेली दुसरी दोन मराठी माणसं सापडणं कठीण.

१९७९ च्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० कॅलरी ठरवल्या. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीने कॅलरीचा खुंटा सोडला आणि आरोग्य-शिक्षणावर लोक स्वतःच्या खिशातून करत असलेला खर्चही धरला. हा बदल योग्यच होता. पण सप्टेंबर २०११ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात योजना आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं आणि देशाला फक्त दोन आकडे ऐकू आले: शहरात दिवसाला बत्तीस रुपये, खेड्यात सव्वीस. तेंडुलकर त्याआधी जूनमध्येच वारले होते. स्वयंपाकघरांत आणि चहाच्या टपऱ्यांवर त्या बत्तीस रुपयांची जी टिंगल झाली ती रास्त होती, पण तिचा रोख चुकला. सगळे विचारत होते, बत्तीस रुपयांत भागतं का? त्याच्या आधीचा प्रश्न होता, बत्तीस रुपये रोज मिळतात का?

२०१४ मध्ये सी. रंगराजन यांच्या समितीने रेषा वर नेली, खेड्यात महिना ९७२ आणि शहरात १,४०७. तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के असलेले गरीब त्यांच्या पद्धतीने २९.५ टक्के झाले. एका अहवालाच्या फरकाने नऊ कोटींहून जास्त माणसं गरिबीत आली, एकाही घरातलं काहीही न बदलता. सरकारने तो अहवाल ना धड स्वीकारला ना फेटाळला, आणि त्यानंतर नवी रेषा ओढलीच नाही. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, बँकखातं अशा बारा गोष्टी पाहतो. त्यात महाराष्ट्र बरा दिसतो, २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्के, जरी त्याच वेळी एकट्या नंदुरबारचा आकडा तेहतीस टक्क्यांच्या घरात होता. बँकखातं असलं की एक खूण होते. त्या खात्यात काही आहे का, हे तो विचारत नाही.

आता पुन्हा उचलीकडे. भारतात गरिबी उत्पन्नावरून नाही, खर्चावरून मोजतात. घराने गेल्या सात दिवसांत काय खाल्लं, महिन्यात काय विकत घेतलं, वर्षात शाळा-दवाखान्यावर किती घातले. यामागे तर्क आहे: गरीब माणसाचं उत्पन्न विचारून कळत नाही, खर्च कळतो. पण मग मुकादमाची उचल घेऊन भरलेला किराणा हा खर्च, म्हणजे सुस्थिती. सावकाराकडून काढलेल्या पैशातून केलेलं ऑपरेशन हाही खर्च, म्हणजे आणखी सुस्थिती. घरात कुणी आजारी पडलं, शेळ्या विकून, दागिना मोडून, उचल वाढवून दवाखान्याचं बिल भरलं की पाहणीच्या तक्त्यात ते घर एक पायरी वर चढतं. कर्जाची पाहणी सरकार करतं, पण ती वेगळी, वेगळ्या वर्षी, वेगळ्या घरांत. एकाच घराच्या खर्चाची आणि देण्याची वही शेजारी-शेजारी उघडलेली सहसा कुठेच दिसत नाही.

दवाखान्याचं उदाहरण हवेतलं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आरोग्य खात्याने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सहांपैकी एकीचं. देशातलं प्रमाण तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास. गावात याला कुणी शस्त्रक्रिया म्हणत नाही, ‘पिशवी काढली’ म्हणतात, दात काढल्यासारखं.

बाहेरच्या बातम्यांत याचं सोपं स्पष्टीकरण आलं: पाळीचे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून बायका पिशवी काढतात. खरी गुंतागुंत जास्त साधी आणि जास्त भयंकर आहे. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, तीच ओली कापडं दिवसभर. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, ताप येतो. सरकारी दवाखाना लांब. तिथे जायचं तर दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर मुकादमाचा दंड, आणि तोही जोडप्याच्या नावावर. म्हणून दुखणं हंगामभर अंगावर काढायचं. एप्रिलमध्ये गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात जायचं. तिथे सोनोग्राफी होते, ‘पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकायला मिळतं, आणि वीस-पंचवीस हजारांपासून पुढे बोलणी सुरू होतात. ते पैसे येतात पुढच्या वर्षाच्या उचलीतून. बाई बरी व्हायच्या आत पुन्हा फडावर, कारण आता फेडायचं जास्त आहे. जिल्हा प्रशासनाने नंतर खासगी दवाखान्यांवर परवानगीचं बंधन घातलं, आणि त्याचा उपयोग झाला. खाड्याचं बंधन मात्र कुणी सोडवलं नाही.

या बाईला माहिती कमी होती असं म्हणणं सोपं आहे. तिला दिवसाचा भाव, दंडाचा भाव आणि व्याजाचा भाव तोंडपाठ होता. निर्णय चुकला असेल, हिशोब चुकला नव्हता.

बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून जास्त गरीब घरांच्या पैशांच्या नोंदी वर्षभर, दर पंधरवड्याला घेऊन संशोधकांनी २००९ मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’. त्यातलं मुख्य निरीक्षण असं की दिवसाला दोन डॉलरवर जगणाऱ्या कुणालाच दिवसाला दोन डॉलर मिळत नव्हते. आज पाच, मग आठवडाभर काही नाही. आणि इतक्या कमी पैशांतही ही घरं सतत व्यवहार करत होती. उसनवारी, भिशी, दुकानदाराची उधारी, शेजारणीकडे ठेवायला दिलेले पैसे, मालकाकडून आगाऊ घेतलेले. पगारदार माणसाचा पगार एक तारखेला येतो म्हणून त्याला पैशांचा विचार महिन्यातून दोनदा करावा लागतो. गरिबाला तो रोज करावा लागतो, आणि त्यालाच बेहिशोबी म्हणण्याची पद्धत आहे.

हा रोजचा विचार डोक्यावर काय भार टाकतो, याचा एक प्रयोगही उसाच्याच फडात झाला आहे, तमिळनाडूत. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो छापून आला. ५४ गावांतल्या ४६४ लहान ऊस उत्पादकांना उसाचे पैसे येण्याआधी, म्हणजे घरात काहीतरी गहाण पडलेलं असताना, आणि पैसे आल्यानंतर त्याच प्रकारची कोडी दिली. तीच माणसं, तीच अक्कल, पण पैसे आल्यावर कोडी जास्त सुटली. अशा प्रयोगांच्या निष्कर्षांवर मतभेद आहेत आणि असावेत. तरी ‘गरीब आहेत कारण नीट विचार करत नाहीत’ असं ठामपणे म्हणणाऱ्याने हे वाक्य उलटं करून पाहायला हरकत नाही.

मग गरिबी कशी ओळखायची? अनिरुद्ध कृष्ण नावाच्या अभ्यासकाने राजस्थानातल्या गावकऱ्यांनाच विचारलं: अगदी गरीब घरात चार पैसे आले की ते आधी काय करतं? उत्तरं गावोगावी जवळपास सारखी आली. आधी पोटभर खाणं, मग मुलांना शाळेत घालणं, मग बाहेर जाताना घालायला कपडे, आणि चौथी पायरी, घेतलेलं कर्ज हप्त्याने फेडायला लागणं. ही चौथी पायरी ओलांडली की गावाच्या लेखी ते घर गरीब राहत नव्हतं. योजना आयोगाच्या कुठल्याही समितीच्या यादीत कर्जफेड ही अट नव्हती. गावकऱ्यांच्या यादीत ती होती. आणि वर आलेलं घर पुन्हा कशामुळे खाली जातं, या प्रश्नावर सर्वाधिक वेळा आलेलं उत्तर होतं, आजारपण.

महाराष्ट्राने एकदा या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला होता. १९७२ च्या दुष्काळात गावोगावची माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती उपसायला गेली. मदतीत मिळालेल्या लाल मिलो आणि सुकडीची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसं कामांवर होती. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात आधीच प्रयोग केलेल्या वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. दांडेकर-रथांनीही काम मागणाऱ्याला काम हाच उपाय सांगितला होता. या योजनेचं मोल फक्त मजुरीत नव्हतं. सरकारी कामावर जाता येतं म्हटल्यावर गावातल्या मजुराला मालकाशी दराची घासाघीस करता येऊ लागली. म्हणजे, ‘नाही’ म्हणण्याची थोडी ऐपत आली. २००५ मध्ये हीच कल्पना देशभर गेली. पण मजुरी उशिरा मिळणं हे तिचं जुनं दुखणं, आणि उचल तर कामाच्या काही महिने आधी हातात पडते. या शर्यतीत सरकार मुकादमाला हरवू शकलेलं नाही.

उचलीच्या बदल्यात बांधून घेण्याला कायद्यात बंदी आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी सक्तीने काम करून घेणं गुन्हा ठरवलं, आणि १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भूक आणि नाइलाज हीसुद्धा सक्तीच असते असं म्हटलं. प्रत्यक्षात कारखाना म्हणतो कामगार मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी कारखान्याच्या वाहतूकदाराचा, आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा असतो तो कामगाराचा. दुसरी बाजूही आहे. कोल्हापूर-सांगलीचे ट्रॅक्टरमालक लाखो रुपये उचल देतात, टोळी दोघांकडून पैसे घेऊन तिसऱ्याकडे जाते किंवा येतच नाही, आणि बँकेचा हप्ता ट्रॅक्टरमालकाच्या डोक्यावर राहतो. अशा वसुलीतून माणसं डांबून ठेवण्यापर्यंत प्रकरणं गेली आहेत. सगळा धंदा आगाऊ पैशावर चालतो आणि त्या पैशाची कुठेही अधिकृत नोंद नाही.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळ आता आहे, कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घेऊन आणि तेवढेच सरकारने घालून ते चालवायचं ठरलं. ओळखपत्रं दिली जाताहेत. संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली, म्हणजे आईबाप फडावर असताना पोरांनी गावी राहून शिकावं. यातलं जेवढं जमिनीवर आलं तेवढा फायदाच आहे. उचलीला मात्र यातल्या कशानेही हात लावलेला नाही.

मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडतो आणि मुकादमाच्या वहीवर हिशोब होतो. कारखान्याच्या काट्यावरचे टन गुणिले दर, वजा उचल, वजा खाडे, वजा मध्येच घेतलेला किराणा आणि औषधपाणी. मुकादमाला त्याचं वीस टक्के कमिशन वेगळं मिळालेलं असतं. काही जोडप्यांच्या हातात दहा-वीस हजार पडतात. काहींच्या अंगावर तेवढेच फिरतात, आणि त्यांना पुढच्या हंगामाला कुणाबरोबर जायचं हे निवडता येत नाही, मग दुसरा मुकादम टनाला कितीही जास्त देत असो. जूनमध्ये पेरणीला पैसे लागतात. ऑगस्टमध्ये तोच मुकादम येतो, आणि यंदा घरात पोरगा अठराचा झाला असेल तर तो दीड कोयत्याची गोष्ट काढतो.